एकशे बारा निरोगी माणसं

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीला एक सूचना चिकटवलेली होती: आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. लिफ्ट आग न लागताही दोन वर्षं बंदच होती, त्यामुळे ती सूचना वाचून कुणाचं काही भलं होण्यातलं नव्हतं. तरी ठोकेमास्तर ती रोज वाचत. थांबून, कमरेवर हात ठेवून, एकेक शब्द नीट बघून. मागून कुणी जिना चढत आलं की जरा पुढे वाकत, जणू कालपर्यंत नसलेलं एखादं कलम आज कुणीतरी गुपचूप घुसडलंय. त्याच्या खालच्या वळणावर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती. तीही वाचून व्हायची. एवढा अभ्यास उरकला की छातीतला भाता जरा शांत व्हायचा आणि मास्तर उरलेल्या अकरा पायऱ्या चढून तीनशे चौदा नंबरच्या खोलीत खुर्चीवर पडायचे.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. या हॉस्पिटलात चोवीस वर्षं ते लोकांच्या छातीला चिमटे लावून ठोक्यांचे कागद काढत होते, म्हणून ठोकेमास्तर. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं.

"कसे आहात मास्तर?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "दमलोय."

लोकांना वाटायचं, ही त्यांची बोलण्याची सवय आहे. काही लोक 'चाललंय' म्हणतात, मास्तर 'दमलोय' म्हणतात. घरी बायकोही म्हणायची, "दमणारच. लिफ्ट नाही, माणसं कमी, वर तुमचा स्वभाव असा. कुणी काही टाकलं की घेतलंच डोक्यावर." आणि हे इतकं पटण्यासारखं होतं की मास्तरांनी दुसरं कारण शोधायचा त्रासच घेतला नाही.

तर अशा या दमलेल्या माणसाच्या डोक्यावर मोठ्या साहेबांनी मशीन टाकलं.

मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. कुठल्याशा परिषदेहून ते परत आले तेच डोळ्यांत चमक घेऊन. आता म्हणे हृदयाचा आवाज कॉम्प्युटर ऐकणार, आणि आजार आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात सांगणार. घंटीच्या बटणाएवढा एक माइक छातीवर चार ठिकाणी पंधरा-पंधरा सेकंद दाबून धरायचा. हिरवा दिवा लागला की रेकॉर्डिंग झालं. सोबत ऐकायला हेडफोनही आला होता, पण तो नाजूक आहे, हाताळून खराब होईल, म्हणून सामानाच्या बाईंनी तो कपाटात कुलूपबंद केला. मास्तरांची काही तक्रार नव्हती. ऐकायचं काम मशीनचं, दाबायचं काम आपलं.

मशीन बसवायला एक कॉम्प्युटरवाली आली होती. तिशीतली, पायात पळायचे बूट, तीन पायऱ्या एका ढांगेत चढणारी. मास्तरांना तिच्याकडे नुसतं बघूनच धाप लागायची.

"मास्तर, याला अजून काहीच येत नाही," तिने समजावलं. "आपण शिकवायचं. तीनशे आजारी हृदयांचे आवाज एका फोल्डरमध्ये, तीनशे निरोगी दुसऱ्या फोल्डरमध्ये. ऐकून ऐकून ते स्वतःच फरक शिकेल."

आजाऱ्यांची काय कमी! हृदयाच्या वॉर्डात माणसं पडलेलीच होती. अडलं ते निरोगी माणसांवाचून. हॉस्पिटलात निरोगी माणूस सापडणं म्हणजे लग्नमंडपात उपाशी माणूस शोधण्यासारखं. मास्तर माइक घेऊन बाहेर बाकांवर बसलेल्या नातेवाईकांकडे गेले, तर एक काकू किंचाळल्या, "मी जाऊबाईंना बघायला आलेय! मला कशाला झोपवताय?" औषधांची बॅग घेऊन फिरणारा एक विक्रेता तयार झाला, पण बटणं काढल्यावर त्याने डॉक्टर भेटल्याशिवाय ती परत लावणार नाही असा हट्ट धरला. व्हरांड्यातच उभ्या उभ्या रेकॉर्डिंग करायची, मागून ट्रॉल्यांचा खडखडाट, पोरांचं रडणं. तीन महिन्यांत कसेबसे एकशे अठ्ठ्याऐंशी झाले.

आणि एका दुपारी मास्तर खोलीत तपासणीच्या पलंगावर आडवे झाले, शर्टाची बटणं वाऱ्यासाठी मोकळी, आणि त्यांचं लक्ष हातातल्या माइककडे गेलं.

एक माणूस. पन्नाशीतला, पण आजवर एक दिवस आजारपणाची रजा न घेतलेला. निरोगी नाही तर काय?

पहिल्या दिवशी एकच केलं. दुसऱ्या दिवशी दोन. फॉर्मवर नाव लिहायचं नसे, फक्त नंबर, वय आणि तीन प्रश्न. छातीत दुखतं का? नाही. चक्कर येते का? नाही. जिना चढताना दम लागतो का? या तिसऱ्या प्रश्नावर मास्तर नुकताच जिना चढून, धापा टाकत, 'नाही'वर खूण करत. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. निरोगी माणसाचा फॉर्म होता, निरोगी माणूस 'नाही'च म्हणणार. वयं मात्र त्यांनी आलटून पालटून टाकली, नाहीतर कुणाच्या डोळ्यांवर आलं असतं. एकेचाळीस. तीस. सदतीस. एकदा तंद्रीत 'स्त्री, वय बावीस, खेळाडू' असंही झालं, आणि खोडाखोड वाईट दिसते म्हणून तसंच राहू दिलं.

असे एकशे बारा झाले. तीनशेचा गठ्ठा मोठ्या साहेबांकडे गेला. प्रत्येक पानाखाली छापलेलं होतं: मी स्वतः तपासून खात्री केली आहे. साहेबांनी दोन मीटिंगांच्या मध्ये तीनशे वेळा खात्री केली आणि मनगट चोळत तिसऱ्या मीटिंगला गेले.

उद्घाटनाच्या दिवशी तीनशे चौदा नंबरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरवालीने सांगितलं की गठ्ठ्यातलीच काही रेकॉर्डिंग बाजूला ठेवून मशीनची परीक्षा घेतली, शंभरात सत्त्याण्णव बरोबर आली. टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्या रुबाबात टाय सैल केला, पलंगावर झोपले आणि पाहुण्यांकडे बघून हसले. मास्तरांनी माइक लावला. स्क्रीनवर आकडा आला.

हृदय निरोगी असण्याची शक्यता: अडतीस टक्के.

साहेबांचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त त्यातला साहेब निघून गेला.

"मशीन अजून गरम व्हायचंय," कुणीतरी म्हणालं. मग पाहुण्यांपैकी एकांना झोपवलं. तेहेतीस. कालच कामावर लागलेल्या, दाराशी उभ्या असलेल्या तगड्या सिक्युरिटी गार्डला झोपवलं. एकोणतीस. तो उठला तो भिंत धरून. कॉम्प्युटरवालीने स्वतःच माइक लावून घेतला. एक्केचाळीस. शेवटी मशीन बिघडलंय का ते बघायला साहेब ओरडले, "मास्तर, तुम्ही झोपा!"

मास्तरांना झोपायला कुणी सांगावंच लागत नसे.

नव्व्याण्णव पूर्णांक चार.

पुढचा आठवडाभर हॉस्पिटलात जो प्रकार चालला तो सांगायची सोय नाही. मोठे साहेब जेवणात मीठ सोडून बसले, आणि मीठ सोडल्यामुळे आलेला राग लोकांवर काढू लागले. रोज सकाळी ते इमारतीला फेऱ्या मारत, मागोमाग तो गार्ड, त्याच्यामागे हिशेबनीस. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या छातीला आपली जुनी नळी लावून सांगितलं, "सर, तुमचं हृदय उत्तम आहे," तर साहेब म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो, पण तुम्ही शेवटी माणूस. चुकायचं तुमच्या हातून."

आणि मास्तर? मास्तरांकडे लोक असे बघायला लागले जसे लॉटरी लागलेल्याकडे बघतात. काय खाता? किती झोपता? साहेबांनी तर त्यांचं भाषणच ठेवलं. मास्तर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात पोचले आणि टेबलाला धरून दोन मिनिटं नुसते उभे राहिले. लोकांना वाटलं, श्वासाचा काही व्यायाम दाखवतायत. पाच-सहा जणांनी तसा श्वास घेऊनही पाहिला.

"मी विशेष काही करत नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "काम करतो. दमतो. घरी जाऊन पडतो."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

इथपर्यंत गंमत होती. गंमत संपली ती सोमवारी, मास्तरांचे सासरे तपासणीसाठी रक्त द्यायला आले तेव्हा.

सासऱ्यांना मास्तर मामा म्हणत. वय एकाहत्तर, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, हात अजून थरथरत नसे आणि कान असा की शेजारच्या घरातलं घड्याळ मिनिटभर मागे पडलं तर यांना इकडे चैन पडायचं नाही. डॉक्टरीणबाई वर्षभर त्यांना सांगत होत्या की हृदयाची एक झडप आकसून अरुंद झालीय, रक्त जोर लावून बाहेर पडतंय, ती बदलायला हवी. आज ना उद्या हृदय दमून थांबेल. मामांनी तीन तारखा टाळल्या होत्या. एकदा सर्दी, एकदा भाचीचं लग्न, एकदा काही कारणच सापडलं नाही म्हणून नुसतेच आले नाहीत. आता गुरुवार ठरला होता. बुधवारी दाखल व्हायचं होतं.

रक्त देऊन मामा टेकायला म्हणून जावयाच्या खोलीत आले. जिन्यात त्यांनीही ती आगीची सूचना बराच वेळ वाचली होती.

"काय जावईबापू, हेच का ते तुमचं गाजलेलं डबडं? लावा बघू आम्हाला."

"मामा, तुमची तपासणी झालीय सगळी."

"मग काय वाईट आहे? झालेली परत होईल."

मास्तरांना वाद घालायचा कंटाळा आला. त्यांनी माइक लावला. हिरवा दिवा लागला, कागद बाहेर आला. शहाण्णव टक्के निरोगी.

मामांनी कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. "संपलं," ते म्हणाले. "ऑपरेशन रद्द."

"मामा, डॉक्टरीणबाई म्हणतात..."

"त्यांचे कान पंचावन्न वर्षांचे आहेत. हे नवीन आहे."

आयुष्यभर ज्या माणसाने बॅटरीच्या प्रत्येक घड्याळाला 'टाकाऊ माल' म्हणून नाक मुरडलं, त्याला त्या दिवशी नवं यंत्र एकदम देवासारखं वाटायला लागलं. आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा त्यांनी फक्त खिशावर हात ठेवला. "हे खोटं असेल तर तुमच्या साहेबांना सांगा आधी. ते का मीठ सोडून बसलेत?"

संध्याकाळी घरी बायकोने चहाचा कप मास्तरांसमोर असा ठेवला की निम्मा बशीत आला.

"अहो, वर्षभर मी बाबांच्या पाया पडतेय. भांडले, रडले, अबोला धरला. तेव्हा कुठे ते हो म्हणाले. आणि तुम्ही एका कागदात सगळं पाण्यात घातलंत?"

"मी कुठे? मशीनने..."

"मशीन काय आपल्या पायांनी चालत आलं त्यांच्या छातीवर? तुम्ही लावलंत. आता तुम्हीच निस्तरा. बुधवारी ते दाखल झाले नाहीत ना, तर..." ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज आला, पण घासायला भांडी नव्हतीच.

मंगळवारी सकाळी मास्तरांनी दोन्ही सूचना वाचल्या, अकरा पायऱ्या चढल्या, आणि कॉम्प्युटरवालीला विचारलं, "हे चुकतंय कुठे, ते सापडेल का?"

ती दोन दिवस तेच शोधत होती. तिने स्क्रीनवर ठिपके काढले होते, एका रेकॉर्डिंगचा एक ठिपका. जेवढे आवाज सारखे, तेवढे ठिपके जवळ. आजाऱ्यांचे लाल ठिपके सगळीकडे सांडलेले. निरोग्यांचे हिरवेही बरेचसे विखुरलेले, आणि एका कोपऱ्यात मात्र हिरव्यांचा हा एवढा गठ्ठा, मुंगळे गुळाला लागावेत तसा.

"हे बघा. एकशे बारा माणसं. इतकी सारखी की सख्खे भाऊसुद्धा इतके सारखे नसतात. बाकीचे व्हरांड्यातल्या गोंगाटात घेतलेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मशीनला जे परत परत तेच दिसतं, ते त्याला खरं वाटतं. म्हणून त्याने ठरवलं, निरोगी म्हणजे असं. परीक्षेतही यातलेच आले, म्हणून सत्त्याण्णव मिळाले. पण हे आहेत कोण मास्तर? यात एक बावीस वर्षांची खेळाडू मुलगीसुद्धा आहे."

मास्तर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "ती मीच."

"म्हणजे?"

"सगळे मीच. एकशे बाराच्या एकशे बारा."

ती आधी हसली. इतकी हसली की तिला टेबलावर डोकं टेकवावं लागलं. "मास्तर! म्हणजे मोठे साहेब आठवडाभर अळणी जेवतायत, ते त्यांचं हृदय तुमच्यासारखं नाही म्हणून?"

"तसंच म्हणायचं."

"बरं, पण त्यात बिघडलं काय एवढं? एकाच निरोगी माणसाचे असले तरी निरोगीच ना? मशीनने इतरांना नापास केलं, ते ठीक आहे, सुधारू. पण तुमच्या मामांना पास का केलं? ते तर..."

बोलता बोलता तिने मामांचं कालचं रेकॉर्डिंग उघडलं. स्क्रीनवर रेघ उमटली. पहिला ठोका, दुसरा ठोका, आणि दोघांच्या मध्ये, जिथे काही असायला नको, तिथे एक केसाळ उंचवटा. तिने त्याखाली एकशे बारातलं एक उघडलं. ठोका, केसाळ उंचवटा, ठोका. दुसरं उघडलं. तिसरं. मग तिने उघडायचं थांबवलं.

"आजारी फोल्डरमध्ये अशा झडपेचे फक्त सहा आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "आणि निरोगीमध्ये..."

"एकशे बारा," मास्तर म्हणाले.

त्यांना घाबरायला हवं होतं. पण चोवीस वर्षं लोकांना आडवं करून 'काही नाही, घाबरू नका' म्हणण्यात घाबरायची ताकद संपून गेली होती बहुतेक. पहिल्यांदा मनात आलं ते इतकंच, की म्हणजे जिना उंच झालेला नाही. दोन वर्षं त्यांना खरंच शंका होती की दुरुस्तीवाल्यांनी दोन-चार पायऱ्या वाढवल्यात.

दुसरा विचार आला तो बुधवारचा.

"तो हेडफोन," ते म्हणाले, "कपाटातून मिळेल का?"

हेडफोन काढायला अर्ज लागला, अर्जावर सही लागली, आणि सामानाच्या बाईंनी तो फुंकर मारून हातात देताना 'जपून हां' असं तीनदा सांगितलं. बुधवारी सकाळी बायको मामांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. मामा दोन्ही वळणांवर थांबले आणि वर आले ते तोंड फुगवून.

"दाखल व्हायला आलेलो नाही," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "मुलगी रडते म्हणून आलोय. कागद माझ्याकडे आहे."

"दाखल नका होऊ मामा. एक काम आहे फक्त. तुमच्या धंद्यातलं." मास्तरांनी हेडफोन पुढे केला. "दोन आवाज आहेत. ऐकून सांगा."

धंद्यातलं म्हटल्यावर मामा सरळ बसले. हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले. पन्नास वर्षं ते घड्याळ असंच ऐकत आले होते, झाकण उघडायच्या आधी. कॉम्प्युटरवालीने पहिला आवाज लावला.

"लब," मामा बोटाने हवेत ठोका देत म्हणाले, "मग श्शऽऽ, मग डब. हे मधलं श्श नको. काहीतरी पुरतं उघडत नाहीये, खरवडून जातंय. कुणाचं आहे?"

"तुमचं."

मामांनी डोळे उघडले नाहीत. "हं. दुसरा लावा."

दुसरा लावला. मामांनी बराच वेळ ऐकलं. परत लावायला सांगितलं, परत ऐकलं.

"त्याच बनावटीचं, तोच बिघाड," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा थोडा कमी. अजून दोन-चार वर्षं ओढेल, पण हे असं चालू ठेवायचं नसतं. ज्याचं असेल त्याला सांगा, दुरुस्तीला टाक म्हणून. का हो? हे कशाला ऐकवताय?"

"मशीनला आम्ही हेच शिकवलं होतं, मामा. निरोगी हृदय म्हणजे असं. याच्याशी तुमचं जुळलं, म्हणून तुम्हाला शहाण्णव दिले त्याने."

"हे निरोगी? कुठल्या गाढवाने ठरवलं?"

"मीच," मास्तर म्हणाले. "आणि आवाज पण माझाच आहे."

मामांनी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला, अगदी जपून, कपाटवाल्या बाईंनी बघितलं असतं तर खूश झाल्या असत्या. मग ते जावयाकडे बघत राहिले. जावई म्हणून नाही, तर दुकानात कुणी अनोळखी घड्याळ पुढ्यात ठेवल्यासारखं.

"माझ्या मुलीला माहीत आहे?"

मुलगी मागेच उभी होती. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा पडला होता, त्यातला वरचा तिने उचलला. नवऱ्याचं अक्षर ती ओळखणार नाही तर कोण!

"'जिना चढताना दम लागतो का? नाही,'" तिने वाचलं. दुसरा उचलला. "नाही." तिसरा. "नाही. वय बावीस? खेळाडू?" ती हसली की रडली ते मास्तरांना कळलं नाही. "अहो, एकशे बारा वेळा विचारलं तुम्हाला. एकदा तरी हो म्हणायचं होतंत."

"फॉर्म निरोगी माणसाचा होता ना," मास्तर म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांनाच ते बोलणं कसंतरी वाटलं.

मामांनी खिशातून कागद काढला. चार तुकडे केले. तुकडे परत खिशातच ठेवले, कारण हॉस्पिटलात कचरा टाकायचा नाही असं खाली लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. "बोलवा तुमच्या डॉक्टरीणबाईंना," ते म्हणाले. "मी दाखल होतो. पण आधी त्यांनी नळी यांना लावायची. माझ्यासमोर. नाहीतर मी हा चाललो घरी."

डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी शर्ट काढला आणि त्याच पलंगावर झोपले. बाईंनी नळी लावली, सरकवली, परत लावली. त्या काही बोलल्या नाहीत. चोवीस वर्षांत मास्तरांनी हे न बोलणं हजारदा बाजूला उभं राहून ऐकलं होतं. खालून ऐकायची पहिलीच वेळ.

"मास्तर," बाई शेवटी म्हणाल्या, "रोज माझ्या शेजारी उभे असता हो तुम्ही. किती दिवसांपासून दम लागतोय?"

मास्तर तोंड उघडणार होते, पण 'नाही, तसा काही विशेष' हे शब्द ओठांवर येताच त्यांनी बायकोकडे बघितलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. मामा म्हणाले होते तसंच निघालं, अगदी 'थोडा कमी' इथपर्यंत. मास्तरांची तारीख चार आठवड्यांनंतरची पडली.

निघण्यापूर्वी कॉम्प्युटरवालीने त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. एकशे बारा फायली निवडून ठेवल्या होत्या. मशीन विचारत होतं: 'निरोगी'मधून 'आजारी'मध्ये हलवायच्या? "तुम्हीच दाबा मास्तर," ती म्हणाली. मास्तरांनी जरा दम खाल्ला, मग दाबलं. तीस वर्षांचा एक, एकेचाळीसचा एक आणि बावीस वर्षांची ती खेळाडू, सगळे एका क्षणात आजारी पडले. मोठ्या साहेबांना निरोप गेला की तुमचे अडतीस टक्के रद्द, तर म्हणे ते खुर्चीतून उठले, दार लावून घेतलं आणि आतून पहिल्यांदा आवाज आला तो मिठाची बाटली आपटल्याचा. दुपारी त्यांनी कुणाला तरी विचारलं, मास्तरांच्या भाषणाचे मुद्दे फलकावर लावलेत, ते आता काढायचे का? आणि ते नवे एकशे बारा निरोगी कोण शोधणार?

गुरुवारी मामांचं ऑपरेशन झालं. दुपारी खाली निरोप आला: नीट झालं, शुद्धीवर आहेत, घड्याळ मागतायत. मास्तर आणि त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर त्यांना बघायला निघाले. खालच्या वळणावर हात धुण्याच्या चित्रांपाशी मास्तर थांबले, बायकोही थांबली. वरच्या वळणावर पोचेपर्यंत मास्तरांचा भाता जोरात चालायला लागला होता. सवयीने ते भिंतीकडे वळले. कमरेवर हात गेला. डोळे पहिल्या शब्दावर जाऊन टेकले.

"बसा," बायको म्हणाली.

"लोक येतात-जातात इथून."

"येऊ देत. बसा म्हणते ना."

मास्तर पायरीवर बसले. खालून दोन नर्सा आल्या, वळसा घालून वर गेल्या, मागे वळूनही बघितलं नाही. बायको भिंतीपाशी उभी राहून ती सूचना वाचत होती. सगळी वाचून झाली, तरी तिकडेच तोंड करून उभी राहिली. मग पदराने डोळे पुसले.

"एवढंच लिहिलंय?" ती म्हणाली. "दोन वर्षं हेच वाचत होतात?"

"खाली एक हात धुण्याचं पण आहे," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. अकरा पायऱ्या उरल्या होत्या. दोघांनाही घाई नव्हती.